राखून ठेवलेली शहरं

(दृश्य : काचेमागचा डबा. कॅमेरा हलत नाही.)

हिरोशिमाच्या संग्रहालयात जेवणाचा एक डबा आहे. आतल्या अन्नाचा कोळसा झालाय. ६ ऑगस्ट १९४५ ला तो घेऊन निघालेला मुलगा तेरा वर्षांचा होता. त्या दिवशी मुलं वर्गात नव्हती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचे, त्या कामावर होती. सकाळचे सव्वाआठ. पुढे आईला मुलगा सापडला, तेव्हा डबा त्याच्या अंगाखाली होता. न उघडलेला.

अमेरिकेने हा अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का, असं विचारलं की चर्चा थेट विमानात जाऊन बसते. आपण तीन महिने मागे जाऊ.

(दृश्य : लॉस अलामोस, जुनी छायाचित्रं.)

१० आणि ११ मे. लॉस अलामोस, म्हणजे बॉम्ब बनवणारी अमेरिकी प्रयोगशाळा. तिचे प्रमुख ओपेनहायमर यांच्या ऑफिसात बैठक. एक मोठा प्रश्न : कुठलं शहर? व्यास तीन मैलांहून मोठा हवा. शिवाय ऑगस्टपर्यंत त्यावर दुसरा हल्ला होण्याची शक्यता नको. हवाई दल अशी पाच ठिकाणं राखून ठेवायला तयार होतं.

राखून ठेवणं. एरवी आपण बियाणं राखून ठेवतो, उशिरा येणाऱ्यासाठी जेवण राखून ठेवतो.

हिरोशिमात लष्कराचं मोठं ठाणं होतं, हे बैठकीच्या टिपणात आहे आणि ते खरंही होतं. पण पुढे असंही लिहिलंय, की लगतच्या टेकड्यांमुळे स्फोटाचा धक्का एकवटेल आणि नुकसान बरंच वाढेल.

यादीत क्योटोही होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन अडून बसले : ही जुनी राजधानी बेचिराख केली, तर जपानी माणूस आपल्याला कधी माफ करणार नाही. क्योटो वगळलं. नागासाकी यादीत आलं.

बॉम्बमुळे युद्ध लवकर संपलं, असं म्हणणाऱ्यांना उडवून लावता येत नाही. १ नोव्हेंबरला जपानच्या क्यूशू बेटावर सैन्य उतरवायचं ठरलं होतं. किती मेले असते, कोण सांगणार? मार्चमध्ये टोकियोत साध्या आगबॉम्बांनी एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं मेलीच होती. पण युद्ध थांबवायचं, तर शहर आधी धक्का न लागलेलं कशाला हवं? परिणाम नीट मोजता यावा म्हणून. माझं घोडं इथेच अडतं.

(दृश्य : ढगाळ आकाश.)

९ ऑगस्टला दुसरा बॉम्ब कोकुरा शहरातल्या शस्त्रकारखान्यासाठी निघाला. खाली ढग आणि धूर. विमानाने तीन फेऱ्या मारल्या, कारखाना दिसेना. विमान नागासाकीकडे वळलं. वर्ष संपेपर्यंत तिथे सुमारे ७० हजार माणसं मेली. हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार.

कोकुराच्या त्या कारखान्याच्या जागेवर आता बाग आहे. दर ९ ऑगस्टला गावचे लोक तिथे जमतात आणि नागासाकीत मेलेल्यांसाठी हात जोडतात.