पाणी कुठवर आलं होतं?

(दृश्य : जुनं नाशिक, सकाळ, भुरभुर पाऊस. वाचनालयाचं दार उघडतं. टेबलावर वर्तमानपत्रांचा ओलसर गठ्ठा.)

निवेदन :

पाऊस लागून राहिला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर होळकर पुलावर जातात. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बघायला. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात, आणि गंगेला पाणी किती हे कुणी क्यूसेकमध्ये विचारत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, असं विचारतात. पुलावरून परतताना त्यातले काही जण या वाचनालयात येतात, भिजलेली छत्री दाराशी टेकवतात आणि विचारतात, "ताई, एकोणसत्तरच्या पुराचं काही आहे का हो तुमच्याकडे?"

ताई म्हणजे इथल्या ग्रंथपाल. "माझं नाव नको, काम दाखवा," म्हणाल्या. म्हणून या फिल्ममध्ये त्या फक्त ताई.

संदर्भ विभागात थोडी कात्रणं आहेत. ती काढून देईपर्यंत विचारणाराच बोलायला लागतो. सराफ बाजारात कितव्या पायरीला पाणी होतं, भांडी बाजारातून हंडे-पातेली कशी तरंगत निघाली, नारोशंकराच्या देवळातल्या घंटेखाली कोण उभं होतं. दहा-पंधरा मिनिटं हे सगळं देवघेवीच्या टेबलापाशी सांगितलं जातं, मग छत्री उचलून माणूस निघून जातो. दाखल रजिस्टरमध्ये पुस्तकाची किंमत, पानं, प्रकाशक असे सगळे रकाने आहेत. माणूस काय सांगून गेला, याला रकाना नाही.

(दृश्य : ताई संगणकासमोर. पडद्यावर ग्रंथयादी.)

वेबवरची साधनं शोधायला ताई बसल्या त्या मात्र पुरासाठी नाही. वाचकाला घरबसल्या यादी दिसावी, एवढाच हेतू होता. त्यासाठी कोहा नावाची मुक्त प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी ती तयार झाली आणि २००० सालच्या जानेवारीत सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. फुकट मिळालेली वस्तू फुकटात पडत नाही, हे ताईंना पहिल्याच महिन्यात कळलं.

जुनी यादी युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये टंकलेली होती. संगणक बदलला, फॉन्ट गेला, आणि पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा चिवडा उरला. तो निवडता निवडता दुसरीच गंमत समोर आली. वाचकाने 'ॲटलास' शोधला की सापडायचा नाही, आणि पुस्तक समोर कपाटात! झालं होतं असं, की 'ॲ' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकदा सबंध एकच अक्षर म्हणून, एकदा 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं : 'घरांत', 'नाशकांतील', डोक्यावर अनुस्वार घेऊन बसलेली. वाचक आजच्या लेखनाने शोधणार आणि पुस्तक कालच्या लेखनात लपलेलं. ताईंनी अशा प्रत्येक नोंदीला नव्या लेखनाचं जोडनाव दिलं. हे काम अजून चालू आहे. कॅमेऱ्यात ते दिसायला फार कंटाळवाणं आहे, म्हणून आम्ही पुढे जातो. ताईंना पुढे जाता येत नाही.

(दृश्य : बालविभाग. मुलं एका फोनभोवती गोळा झालेली.)

मग शेजारच्या कॉलेजातला एक सभासद साधनांची मोठी यादी घेऊन आला. प्रश्नमंजूषा, कालपट, चिकटचिठ्ठ्यांचे फलक, हलती चित्रं. "ताई, सगळं इंटरॲक्टिव्ह आहे!" ताईंनी एकेक उघडून पाहिलं. त्यांची परीक्षा तीन प्रश्नांची. खातं न उघडता वाचकाच्या साध्या फोनवर चालतं का? आत टाकलेलं सगळं उद्या बाहेर काढून आपल्या पेटाऱ्यात ठेवता येतं का? आणि 'त्र्यंबकेश्वर' नीट उमटतं का?

तिसऱ्या प्रश्नावर आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. एका देखण्या साधनात 'त्र्यं'चे तुकडे होऊन त, र आणि य पाय मोडून वेगवेगळे उभे राहिले होते. "नाशकात बसून त्र्यंबकेश्वर लिहिता येत नसेल, तर ते रंगीत असून काय करायचंय?" दुसरं एक साधन दुसऱ्या प्रश्नावर पडलं, पण उशिरा. दिवाळी अंकांवरचे वाचकांचे अभिप्राय त्यात गोळा केले होते. फुकट खात्याची मुदत संपली आणि अभिप्राय कुलपाआड गेले. लोकांनी स्वतःच्या हातांनी लिहिलेलं होतं ते. ताईंना अजून त्याची चुटपुट आहे.

कालपट जमला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं टाइमलाइन जेएस. गूगल शीटच्या ओळींत साल, मथळा, मजकूर भरायचा, त्यातून सरकती पट्टी तयार होते, आणि मूळ नोंदी आपल्याच शीटमध्ये राहतात. त्यात १८४० आलं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं ते वर्ष. १९०९ चा डिसेंबर आला, विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या तो. २ मार्च १९३०, काळाराम मंदिराचा सत्याग्रह. कुसुमाग्रजांचं ज्ञानपीठ, आणि २०२१ चं साहित्य संमेलन. दिसायला छानच. पण लोक बोट सरकवत शेवटापर्यंत जायचे, "वा" म्हणायचे आणि फोन खिशात टाकायचे. मुलांच्या प्रश्नमंजूषेचंही तेच, फक्त "वा"च्या जागी आरडाओरडा.

ताई म्हणाल्या, "आपल्या गावात कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आहे ना, ती पुस्तकं घेऊन वाचकाकडे जाते. मला उलटी पेटी हवी होती. वाचकाकडून इकडे येणारी."

(दृश्य : पडद्यावर नाशिकचा नकाशा. निळ्या, हिरव्या, केशरी खुणा.)

ती मिळाली यूमॅपमध्ये. खाली ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा, तोही जगभरच्या हौशी माणसांनीच भरलेला. त्यावर आपण खुणा टाकायच्या आणि त्यांचे थर करायचे. एक थर १९६९ चा, एक २००८ चा, एक २०१९ चा. हवा तो थर चालू करा, नको तो बंद. सगळ्या खुणा एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. आणि त्र्यंबक अखंड राहतो.

सोबत चार प्रश्नांचा साधा फॉर्म. साल कोणतं, जागा कोणती, पाणी कुठवर आलं होतं, तुम्ही तेव्हा कुठे होतात. त्याचा क्यूआर कोड देवघेवीच्या टेबलावर चिकटवला, पहिल्या पावसाच्या दिवशी.

सुरुवातीला वाचकांनाच थेट खुणा टाकू दिल्या होत्या. आठवडाभरात रामकुंडावरची एक खूण कुणाच्या तरी बोटाला चिकटून मखमलाबादला जाऊन पोचली. तेव्हापासून फॉर्म वाचक भरतात, खूण ताई टाकतात.

आणि खूण टाकायची म्हणजे काय काय बघायचं! एकाने दहीपुलावर कमरेएवढं पाणी लिहिलं. पण दहीपुलावर दर वेळी गंगाच येते असं नाही. जोराची सर आली की सरस्वती नाल्याचं पाणीही तिथे साचतं. ताईंनी फोन करून विचारलं, "काका, पाणी खालून चढलं की वरून वाहत आलं?" काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "वरून आलं." ती खूण पुराच्या थरातून निघाली आणि 'पावसाचं पाणी' असा नवाच थर तयार झाला.

सराफ बाजारातल्या एकाच ओट्यावर दोन वाचकांची दोन मापं आली. सालही तेच. एक म्हणतो छातीएवढं, दुसरा म्हणतो गुडघ्याच्या जरा वर. आम्हाला वाटलं, आता कात्रणं निघणार आणि निकाल लागणार. ताईंनी दोन्ही खुणा शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींखाली लिहिलं, 'सांगणाऱ्याच्या आठवणीप्रमाणे'. त्या काळी एक जण सात वर्षांचा होता आणि दुसरा वीसचा, हे चौथ्या प्रश्नाच्या उत्तरातून कळलं. सात वर्षांच्या पोराची छाती कुठे असते?

घरांवर मात्र खूण नाही. कुणाच्या घरात किती पाणी शिरलं, हे जगाला दाखवायचं का, ते त्या घराने ठरवावं. खूण जवळच्या चौकात किंवा देवळापाशी.

(दृश्य : मुक्तद्वार वाचन कक्ष. भिंतीवर छापलेला मोठा नकाशा.)

एक गोष्ट राहिली. एकोणसत्तरचा पूर ज्यांनी जाणत्या वयात पाहिला, त्यांतल्या बहुतेकांना क्यूआर कोड म्हणजे सिमेंटच्या गोणीवरचा शिक्का वाटतो. ते टेबलापाशी येतात, कोडाकडे बघतात आणि पूर्वीसारखेच बोलायला लागतात. म्हणून ताईंनी नकाशा छापून वाचन कक्षात टांगला. खाली सुतळीने पेन्सिल बांधली. आजोबा येतात, चष्मा सरकवतात, बोटाने गंगा शोधतात, मग पूल, मग आपली गल्ली, आणि तिथे एक फुली मारतात. कुणी फुलीशेजारी तारीख लिहितं, कुणी मेलेल्या म्हशीची आठवण.

संध्याकाळी दार लोटून घेतलं की ताई फोनवर नकाशाचा फोटो काढतात आणि दिवसाच्या फुल्या संगणकावर चढवतात. आज पाच आहेत. त्यांतली एक नकाशाच्या बाहेर, भिंतीवरच मारलेली. "यांचं घर कागदात बसलं नाही," ताई म्हणाल्या, आणि उद्या मोठा कागद आणायचं चिठ्ठीवर लिहून ठेवलं. पेन्सिलही आणायची होती. सुतळी तेवढी लटकत होती.