मॅकलेमोर रस्त्यावरची सात गाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आवडत्या गाण्यांना क्रमांक देणे हा तसा रिकामटेकडा उद्योग आहे, हे मला मान्य आहे. तरीही एका कंपनीच्या गाण्यांबाबत मी तो गेली कित्येक वर्षे करत आलो आहे, आणि दर वर्षी त्यातले दोन-तीन क्रमांक खालीवर होतात. ही कंपनी म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराची 'स्टॅक्स रेकॉर्ड्स'. सोल संगीताचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या, चर्चमधल्या गायनातून घडलेल्या लोकप्रिय संगीताचा, विषय निघाला की डेट्रॉइटच्या 'मोटाउन'चे नाव आधी घेतले जाते, आणि ते योग्यही आहे. पण मोटाउनची गाणी लग्नाला निघालेल्या माणसासारखी नटूनथटून समोर येतात, तर स्टॅक्सची गाणी कामावरून परतलेल्या माणसासारखी, बाह्या दुमडून. मोटाउनने आपल्या दारावर 'हिट्सव्हिल' अशी पाटी लावली होती; मेम्फिसकरांनी आपल्या दर्शनी फलकावर 'सोल्सव्हिल' असे लिहिले.

हा फलक मुळात एका चित्रपटगृहाचा होता. जिम स्टुअर्ट हे बँकेत नोकरी करणारे आणि फावल्या वेळात फिडल वाजवणारे गृहस्थ. त्यांनी १९५७ साली 'सॅटेलाइट' या नावाने ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू केला आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, एस्टेल ॲक्सटन यांनी, ध्वनिमुद्रण यंत्राच्या खरेदीसाठी आपले राहते घर गहाण टाकले. १९६० मध्ये ही भावंडे ईस्ट मॅकलेमोर रस्त्यावरच्या बंद पडलेल्या 'कॅपिटॉल' चित्रपटगृहात आली. खुर्च्या काढल्या, पण प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच राहिली, आणि जिथे पूर्वी खाऊ विकला जात असे तिथे एस्टेलबाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले. नवे गाणे तयार झाले की त्या ते दुकानात लावत आणि वस्तीतली पोरे त्यावर नाचतात की दुसरी तबकडी मागतात, हे पाहत असत. पुढे सॅटेलाइट नावाची आणखी एक कंपनी निघाली, तेव्हा १९६१ मध्ये स्टुअर्ट आणि ॲक्सटन या आडनावांची इंग्रजीतली पहिली दोन-दोन अक्षरे जोडून 'स्टॅक्स' हे नाव घेण्यात आले.

माझी कसोटी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडण नको. वादक कुठे आणि किती गप्प राहतात, यावर मी ही गाणी तोलली आहेत. स्टॅक्सच्या गाण्यांत गायकामागे 'ऊ-आ' करणारा स्त्रियांचा ताफा सहसा नसतो. ते काम ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन करतात. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की झीलकरी ती उचलून धरतात, तसे हे वादक ओळ संपेपर्यंत थांबतात, दोन-चार सुरांत उत्तर देतात आणि बाजूला होतात. त्यांच्यापुढे स्वरलेखनाचे कागद बहुधा नसत. चाल तोंडी ठरे, सगळे एकाच खोलीत उभे राहून एकदम वाजवत, आणि उतरत्या जमिनीच्या त्या मोठ्या पोकळ दालनाचा घुमारा गाण्यात आपोआप उतरे.

सातवा क्रमांक विल्यम बेल यांच्या १९६१ सालच्या 'यू डोन्ट मिस युवर वॉटर' या गाण्याचा. विहीर आटल्यावर पाण्याची किंमत कळते, एवढाच त्याचा आशय, आणि दादऱ्यासारखी झुलणारी, थेट चर्चमधून उठून आलेली लय. पुढच्या दहा वर्षांचे सगळे बी यात आहे, पण अजून अंकुर फुटायचा आहे; म्हणून सातवा.

सहाव्या क्रमांकावर एडी फ्लॉइड यांचे १९६६ चे 'नॉक ऑन वुड'. हे गाणे फ्लॉइड आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये बसून, बाहेर वादळी पाऊस कोसळत असताना लिहिले. गाण्यातला मेघगर्जनेचा आणि विजेचा उल्लेख त्याच रात्रीचा आहे. वर्णभेदाच्या त्या शहरात काळ्या आणि गोऱ्या माणसांना एकत्र बसता येईल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि लॉरेन ही त्यांपैकी एक. क्रॉपर गोरे, फ्लॉइड काळे. वर्षभर आधी, १९६५ मध्ये, विल्सन पिकेट यांचे 'इन द मिडनाइट अवर' याच क्रॉपर यांच्या साथीने घडले होते, आणि 'नॉक ऑन वुड'चे सुरुवातीचे सूर म्हणजे त्या गाण्याचेच सूर उलट्या क्रमाने वाजवलेले आहेत, हे क्रॉपर यांनी स्वतःच सांगितले आहे.

इथे ड्रमवादक अल जॅक्सन ज्युनियर यांच्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण माझ्या मते स्टॅक्सचा खरा नायक तोच. पिकेट यांच्या गाण्याच्या वेळी, स्टॅक्सच्या तबकड्यांचे वितरण करणाऱ्या अटलांटिक कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी न्यूयॉर्कमध्ये तरुण मुले तेव्हा कसा नाच करतात, हे स्टुडिओत स्वतः नाचून दाखवले, आणि त्यावरून जॅक्सन व क्रॉपर यांनी आघात कणभर उशिरा द्यायला सुरुवात केली. लय मुळीच हलत नाही, पण ठोका जिथे अपेक्षित असतो तिथून केसाच्या रुंदीइतका मागे पडतो. समेच्या अलीकडे श्वास रोखून धरणारा तबलजी ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या उशिराची गोडी वेगळी समजावून सांगायला नको. 'नॉक ऑन वुड'मध्ये तर सारा वाद्यमेळ अचानक थबकतो आणि जॅक्सन दार ठोठावावे तसे ड्रम ठोठावतात.

पाचव्या क्रमांकाच्या गाण्यासाठी मला स्वतःचाच नियम मोडावा लागतो. मॅकलेमोर रस्त्यावर मुद्रित झालेली गाणीच घ्यायची, असे मी ठरवले होते, आणि स्टेपल सिंगर्स यांचे १९७२ मधले 'आय विल टेक यू देअर' शेजारच्या अलाबामा राज्यातील मसल शोल्स इथे मुद्रित झाले. पण छापून आले ते स्टॅक्सच्या नावाने, आणि ते लिहिले व घडवले स्टॅक्सची धुरा तोवर हाती घेतलेल्या अल बेल यांनी. धाकट्या भावाच्या दफनानंतर वडिलांच्या अंगणात एकटे बसले असताना हे शब्द सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. गाण्याची सुरुवात जमैकाच्या हॅरी जे ऑल स्टार्स यांच्या 'लिक्विडेटर' या वाद्यरचनेवरून जवळपास जशीच्या तशी उचललेली आहे. ही गोष्ट मला खटकते, आणि गाणे सुरू झाले की दहा सेकंदांत खटकेनाशी होते. शब्द मोजके, चालही जवळजवळ एकाच जागी फिरणारी. पण मेव्हिस स्टेपल्स वादकांना एकेक करून हाका मारत, आर्जव करत, त्यांच्याकडून वाजवून घेत ती अशी पुढे नेते की रंगलेल्या भजनाची आठवण यावी. गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

चौथा क्रमांक ऐकून काही श्रोते माझ्यावर रागावतील. ओटिस रेडिंग यांचे 'सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे' हे स्टॅक्सचे सर्वांत प्रसिद्ध गाणे मी चौथे ठेवले आहे. रेडिंग १९६२ साली जॉर्जिया राज्यातून जॉनी जेंकिन्स या गिटारवादकाची गाडी चालवत मेम्फिसला आले होते आणि जेंकिन्स यांचे काम लवकर आटोपल्यावर उरलेल्या वेळात त्यांना गाऊ देण्यात आले, ही कथा सर्वश्रुत आहे. पाच वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एका घरनावेवर राहताना त्यांनी हे गाणे सुरू केले, क्रॉपर यांच्यासोबत पुरे केले आणि डिसेंबर १९६७ च्या पहिल्या आठवड्यात त्याचे काम संपवले. १० डिसेंबर रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मोनोना तलावात त्यांचे विमान कोसळले. साथीला असलेल्या बार-केज या तरुण वाद्यवृंदातील चौघे त्यांच्यासोबत गेले. ट्रम्पेटवादक बेन कॉली तेवढे वाचले. रेडिंग २६ वर्षांचे होते. क्रॉपर यांनी मित्राच्या मृत्यूनंतर लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज त्यात मिसळले, आणि मार्च १९६८ मध्ये गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गायकाच्या मृत्यूनंतर तिथे पोहोचलेले ते अमेरिकेतले पहिले गाणे.

ते सुंदर आहे, यात वाद नाही. पण आपण ते ऐकतो तेव्हा गाण्यापेक्षा मृत्यूच अधिक ऐकतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. शेवटची ती निवांत शिट्टी एका जिवंत, पुढच्या वर्षाचे बेत करणाऱ्या माणसाची आहे, आणि आपण मात्र तिच्यात निरोप शोधत बसतो. शिवाय त्या हिवाळ्यानंतर कंपनीवर जे कोसळले तेही या गाण्याला चिकटले आहे. अटलांटिकशी १९६५ मध्ये केलेल्या वितरणाच्या करारातील एका कलमामुळे तोवर वितरित झालेल्या ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे गेलेली होती. स्टुअर्ट यांना हे १९६८ मध्ये, अटलांटिक विकली गेल्यानंतर, उमगले. आपलीच गाणी आपली नव्हती. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ज्या जागी बसून दोन वेगळ्या वर्णांच्या माणसांनी 'नॉक ऑन वुड' लिहिले, तीच ही जागा.

तिसरा क्रमांक सॅम आणि डेव्ह यांच्या 'सोल मॅन'चा. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटले असताना कृष्णवर्णीयांची दुकाने ओळखू यावीत म्हणून त्यांवर 'सोल' हा शब्द लिहिला जात असल्याचे आयझॅक हेज यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि डेव्हिड पोर्टर यांच्यासोबत हे गाणे रचले. इतक्या जळत्या प्रसंगातून इतके आनंदी गाणे निघावे, याचे नवल मला अजून ओसरत नाही. पुढे हेज यांनी 'शाफ्ट' या चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी ऑस्कर पटकावले. तरी मला हेज हवेत ते इथे, दुसऱ्यासाठी लिहिणारे.

याच ओघात एक रुखरुख सांगतो. रुफस थॉमस माझ्या यादीत बसत नाहीत. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्राचे ते लाडके निवेदक होते, त्याच काळात कापड गिरणीतही राबत, आणि १९६० मध्ये कार्ला या आपल्या मुलीसोबत गायलेल्या त्यांच्या गाण्यामुळेच या कंपनीचे नशीब उघडले. रेडिओवरून बोलताना त्यांना वगळायचे म्हणजे अपराधच. पण क्रमवारी म्हटली की असे होतेच.

दुसऱ्या क्रमांकावर शब्दच नसलेले गाणे आहे: 'ग्रीन अनियन्स', १९६२. रविवारचा दिवस, एका गायकाचे मुद्रण फिसकटलेले, आणि कंपनीचे नेहमीचे चार वादक वेळ घालवायला वाजवत बसलेले. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, वय १७. गिटारवर क्रॉपर, बासवर लुई स्टाइनबर्ग, ड्रमवर जॅक्सन. स्टुअर्ट यांनी त्यांची एक संथ रचना मुद्रित केली आणि तबकडीच्या मागच्या बाजूसाठी आणखी काही आहे का, असे विचारले. बुकर यांच्याकडे एक सुरावट होती. क्रॉपर यांनी ती स्थानिक रेडिओ केंद्रावर नेली, निवेदकाने ती पुन्हा पुन्हा लावली, दूरध्वनी खणखणू लागले, आणि मागची बाजू पुढची झाली. ऑर्गन दबक्या पावलांनी चालत राहतो आणि त्यावर क्रॉपर यांची गिटार मधूनच चिमटा काढल्यासारखी वाजते व पुन्हा गप्प होते. तीन मिनिटेही पुरी न भरणाऱ्या या तुकड्यात एकही सूर जास्तीचा सापडत नाही. मी शोधून पाहिला आहे.

आणि पहिला क्रमांक पुन्हा रेडिंग यांचाच: 'ट्राय अ लिटल टेंडरनेस', १९६६. मुळात हे १९३२ सालचे, नाचघरांतून वाजणारे एक गुळगुळीत गाणे. रेडिंग ज्यांना मानत, त्या सॅम कुक यांनी त्याचे काही चरण मैफलीत घेतले होते. रेडिंग यांनी ते मॅकलेमोर रस्त्यावर आणले आणि तिथे त्याचा पुनर्जन्म झाला. आरंभी तीन-चार फुंकवाद्ये एकमेकांत गुंफत एक उदास चौकट आखतात; ही योजना हेज यांची. मग रेडिंग जवळजवळ बोलल्यासारखे गाऊ लागतात, आणि थोड्या वेळाने अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर काठीने टकटक सुरू करतात. ही टकटक गाण्याच्या दुप्पट गतीने चालते. गायक विलंबितात आणि ठेका दुगुनीत, अशी ही ओढाताण; बाकी वादक आपल्या जागा सोडत नाहीत, पण पुढे काय होणार आहे हे त्या काठीने सांगून टाकलेले असते. मग गिटार, मग ऑर्गन, मग वाद्यांचे उसळते सूर, आणि बड्या ख्यालाने सुरू झालेली मैफल तराण्यात पोहोचावी तसे रेडिंग शब्द टाकून देत नुसत्या उद्गारांवर येतात. हे सगळे चार मिनिटांच्या आत.

ते चित्रपटगृह आता नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, १९८९ मध्ये इमारत पाडली गेली, आणि २००३ साली त्याच जागी संग्रहालय उघडले तेव्हा स्टुडिओची जमीन मुद्दाम पूर्वीसारखी उतरती बांधण्यात आली. 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' आज रात्री कुठे ऐकायला मिळालेच, तर पहिल्या वेळी रेडिंग यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्यांचा आवाज तुम्हाला तसाही सोडणार नाही; कान द्या तो त्या काठीच्या टकटकीकडे, ती सुरू होते त्या क्षणापासून ती मोठ्या गदारोळात बुडून जाईपर्यंत.

नमस्कार.