अक्कांचा शेवटचा नंबर

नमस्कार श्रोतेहो.

पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. दूधवाला, किराणा, गॅस, मुलांच्या रिक्षाचे पैसे, कर्जाचा हप्ता. मग पंधरा-वीस तारखेला आपण म्हणतो, महिनाअखेर काही उरलं तर टाकू बँकेत. सोलापुरात बँकेच्या काउंटरवर माझी नोकरी झाली. ‘उरलं तर टाकू’ हे वाक्य मी तिथे रोज ऐकलं. उरलेल्यातून पैसे साठवलेलं माणूस मात्र मला क्वचितच भेटलं. ज्यांच्याकडे चार पैसे जमले, त्यांनी ते आधी बाजूला काढले होते आणि राहिलेल्यात घर चालवलं होतं. आधी बाजूला. मग घरखर्च. आज एवढंच बोलायचं आहे, आणि त्यासाठी मला आमच्या पूर्व भागातल्या एका अक्कांची गोष्ट सांगायची आहे.

सोलापूरचा पूर्व भाग तुम्हाला माहीत असेल. यंत्रमागाचा खडखडाट, टॉवेल, चादरी, आणि घराघरात विड्या वळणाऱ्या बायका. सकाळी कारखान्याच्या ब्रँचमध्ये जायचं, तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन यायचं, पानं भिजवायची, कातरीने कापायची, दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या. हजार विड्यांवर मजुरी. त्यातून ब्रँचमध्ये वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वजा. अशा बायकांची एक भिशी आमच्या अक्का चालवायच्या. 20 बायका, महिना 200 रुपये, म्हणजे दर महिन्याला एकीच्या हातात 4,000 रुपये. काळ साधारण 2000 सालच्या आसपासचा. विडी वळणाऱ्या बाईला तेव्हा 200 रुपये बाजूला काढणं सोपं नव्हतं.

भिशी कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहेच. महिन्याच्या ठरल्या तारखेला सगळ्या जमायच्या, स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, गल्लीतल्या एखाद्या लहान मुलीला चिठ्ठी उचलायला लावायची. पहिला नंबर लागला की ती बाई हरखून जायची. साहजिकच आहे. 200 भरले आणि 4,000 मिळाले, म्हणजे बिनव्याजी कर्जच की. आणि ज्या बाईचा विसावा नंबर, तिने वीस महिने पैसे भरायचे आणि तेवढेच परत घ्यायचे. एक रुपया व्याज नाही.

अक्कांची चिठ्ठी त्या डब्यात कधीच नसायची. भिशी सुरू होतानाच त्या सांगून टाकायच्या, माझा नंबर शेवटचा. एकदा नाही, दरवेळी.

त्या बँकेत आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, “अक्का, भिशी तुम्ही चालवता. पहिला नंबर घ्या, ते 4,000 बँकेत ठेवा, वीस महिन्यांचं व्याज तुमचं. शेवटचा का घेता?”

अक्का म्हणाल्या, “साहेब, पैसा माझ्याजवळ हाय म्हणून घरात कळलं की त्याला पाय फुटत्यात. दिराला गाडी दुरुस्त करायचीय, नणंदेच्या घरी बारसं हाय, मालकाला दोस्ताला द्यायचंय. नाही म्हणलं तर भांडण. भिशीत हाय म्हणलं की कोण मागतंय? वीस बायकांच्या हातातनं कोण काढून घेणार?”

श्रोतेहो, हे नीट ऐका. पैसा घरात दिसला की त्याला पाय फुटतात. अक्कांनी व्याज सोडलं आणि त्या बदल्यात वीस महिने आपला पैसा इतरांच्या हाताबाहेर ठेवला. वर दर महिन्याला भरायची सक्तीही होती, कारण हप्ता चुकला तर एकोणीस बायका दारात येणार. आणि भिशी चालवणाऱ्या बाईनेच हप्ता चुकवून कसं चालेल?

आता पुढचं ऐका. एका भिशीत चौथा नंबर ज्या बाईला लागला, तिच्या नवऱ्याला भिवंडीला मागावर काम मिळालं. सोलापूरची कितीतरी कुटुंबं अशी भिवंडीला गेली. या बाईने सहाव्या महिन्यापर्यंत हप्ते भरले आणि एक दिवस घराला कुलूप. राहिले 14 हप्ते, म्हणजे 2,800 रुपये. बाकीच्या बायकांचे चेहरे उतरले. कुणी म्हणालं भिशी मोडा, कुणी म्हणालं ज्यांचे नंबर लागले त्यांच्याकडून वसूल करा. अक्का म्हणाल्या, तिला मी घेतलं होतं, तिचे हप्ते मी भरते. आणि पुढचे 14 महिने त्यांनी 200 ऐवजी 400 भरले. रात्रीचं जेवण झाल्यावर पुन्हा सूप मांडीवर घ्यायच्या. गल्लीतले दिवे बंद झाले तरी त्यांच्या दारातला दिवा चालू असायचा, हे मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं. ती बाई पुढे एका लग्नाला सोलापुरात आली तेव्हा 1,000 रुपये देऊन गेली. बाकीचे आलेच नाहीत.

त्यानंतर अक्कांनी नियम केला. नवी बाई असेल तर तिची चिठ्ठी पहिले दहा महिने डब्यात टाकायची नाही, आणि एका घरातून एकच नंबर. हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता. कर्ज देताना बँका जी चौकशी करतात, जामीन मागतात, ते सगळं या एका नियमात आहे. अक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वही त्यांची मुलगी लिहायची, सातवीतली.

विसाव्या महिन्याचे 4,000 रुपये अक्का एक रात्रसुद्धा घरात ठेवायच्या नाहीत. रात्री भिशी मिळाली की शेजारणीकडे ठेवायच्या आणि सकाळी शटर उघडायच्या आत आमच्या बँकेच्या पायरीवर हजर. मुदत ठेव करायची. फॉर्मवर आपल्या पश्चात पैसे घ्यायला कुणाचं नाव घालायचं विचारलं तर म्हणाल्या, पोरीचं. मुलगी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, म्हणून तिच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लागतं, तर म्हणाल्या, माझ्या बहिणीचं लिहा. तेव्हा नवऱ्याचं नाव न विचारताच लिहून टाकायची पद्धत होती. अक्कांनी ते लिहू दिलं नाही.

इथे जरा थांबून सांगतो, कारण याची मला फार तळमळ आहे. तुमच्या खात्यावर असं नाव, म्हणजे नामनिर्देशन, आहे का, हे उद्याच बघा. कितीतरी बायका माझ्यासमोर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला घेऊन उभ्या राहिल्या आणि खात्यावर नाव असायचं वीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासूबाईंचं. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. नाव दिलेला माणूस मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेतो, हेही लक्षात असू द्या. पण नाव असलं की घरच्यांचे हेलपाटे वाचतात. लग्न झालं, मूल झालं, कुणी गेलं, की पासबुक काढा आणि नाव बघा.

तर अक्का. एक भिशी संपली की दुसरी, मुदत ठेव पिकली की त्यात भर घालून पुन्हा ठेव. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, अक्का, पाटल्या करा. त्यांनी केल्या नाहीत. मला ते फार पटलं. सोनं वाईट असं मी म्हणत नाही, पण दागिना करताना घडणावळ जाते, वर 3 टक्के जीएसटी, आणि मोडायला गेलात की घडणावळ परत मिळत नाही. हौस म्हणून दागिना जरूर करा. बचत म्हणून दागिना करू नका. आणि लग्नात दहा तोळ्यांसाठी कर्ज काढणाऱ्या आईबापांना तर मी हात जोडून सांगतो, तेच पैसे मुलीच्या नावाने ठेवा.

अक्कांच्या ठेवी कशाला कामी आल्या ते सांगतो. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी 10,000 घरांची वसाहत झाली, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची. त्या घरात केंद्र सरकारचा वाटा होता, राज्य सरकारचा वाटा होता आणि तिसरा वाटा त्या कामगार बाईचा स्वतःचा. अक्कांनी तिसऱ्या वाट्यासाठी सावकाराचं दार पाहिलं नाही. आमच्याकडच्या ठेवी मोडल्या आणि भरले. 2006 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डॉक्टर मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. अक्का बँकेत खात्यावरचा पत्ता बदलायला आल्या तेव्हा नवा पत्ता त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

आता थोडक्यात आपल्यासाठी. अक्कांनी तीन गोष्टी केल्या. आधी बाजूला काढले. हाताबाहेर ठेवले. आणि मोठी रक्कम हातात आली की एका दिवसात ठेवीत टाकली. आधी बाजूला, हाताबाहेर, आणि लगेच ठेवीत.

याला आज भिशीच हवी असं नाही. ओळखीतल्या भिशीला कायद्याचं संरक्षण जवळपास नसतं, आणि प्रत्येक भिशीला अक्का मिळत नाहीत. पोस्टातलं किंवा बँकेतलं आवर्ती ठेव खातं, ज्याला आपण आरडी म्हणतो, ते हेच काम व्याजासह करतं. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, महिना 100 रुपयांपासून सुरू करता येते. तिचा दर ऑक्टोबर 2023 मध्ये 6.7 टक्के झाला. या दराने महिना 1,000 भरले तर पाच वर्षांत तुमचे 60,000 जातात आणि मिळतात सुमारे 71,366. पुन्हा सांगतो, भरले 60,000, मिळाले 71 हजारांच्या वर. त्याहून लांबचा विचार असेल तर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं, 15 वर्षांचं. त्यात महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरलं तरच त्या महिन्याचं व्याज धरतात. पाच तारखेच्या आत.

एक मात्र सांगायलाच हवं. जादा व्याज म्हणून कुणी ठेव मागितली तर आधी विचारा, ही बँक आहे की पतसंस्था? बँकेतल्या ठेवीला विमा आहे, एका माणसाला एका बँकेत 5 लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज मिळून. 2020 च्या फेब्रुवारीआधी तो 1 लाखच होता. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा लोकांना सुरुवातीला स्वतःच्या खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते, हे तुम्हाला आठवत असेल. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा 5 लाखांचा विमा लागूच नाही. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून आयुष्यभराची पुंजी एका ठिकाणी ठेवू नका.

सुरुवात या महिन्यातच करा. बँकेत पगार जमा होत असेल तर पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख देऊन आरडीचा हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना लिहून द्या. पैसे दिसायच्या आत गेले पाहिजेत. पोस्टाची आरडी असेल आणि खातं महिन्याच्या 15 तारखेपर्यंत उघडलेलं असेल, तर हप्ता दर महिन्याला 15 तारखेपर्यंत भरायचा. त्यानंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. हप्ता चुकला तर 100 रुपयांमागे 1 रुपया दंड. चार हप्ते चुकले तर खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांत ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. आणि मधे अडचण आली तर खातं मोडू नका, 12 हप्ते भरून झाले असतील तर जमा रकमेच्या निम्मं कर्ज त्याच खात्यावर मिळतं.

पोस्टात जायला वेळ नसेल तर महिला एजंट असतात, घरी येऊन हप्ता नेतात. 1972 पासून ही पद्धत आहे. त्यांचं कमिशन सरकार देतं, तुम्हाला वेगळं काही द्यायचं नाही. बहुतेक ताई अतिशय चोख काम करतात. तरीही रोख दिलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद पासबुकात झाली आहे ना, ते दर महिन्याला स्वतः बघा, आणि नसेल तर त्याच आठवड्यात पोस्टात जाऊन विचारा.

नमस्कार.