किती पातळ कापायचं?

हा ब्रेड बघा. पिशवी उघडायची, स्लाइस काढायची, टोस्टरमध्ये टाकायची, एवढंच आपल्याला माहीत. पण मशीनने कापलेला ब्रेड विकायला आला 1928च्या जुलैत, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, चिलिकॉथी नावाच्या गावात. मशीन ऑटो रोहवेडर यांचं. बेकरीवाले नाहीच म्हणायचे, कारण कापलेला ब्रेड लवकर वाळतो, म्हणून रोहवेडर यांनी कापल्या कापल्या कागदात गुंडाळणारंही मशीन केलं. खरी अक्कल त्या गुंडाळण्यात होती!

आता लॅबमध्ये जाऊ. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून मायक्रोटोमवर, म्हणजे अतिपातळ काप काढायच्या मशीनवर, चार-पाच मायक्रॉनचे सेक्शन (काप) काढतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याहून जाड झाला की पेशी एकावर एक दिसतात आणि कळत काहीच नाही.

पण सगळ्यात भारी किस्सा हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन पेशंटचा. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953मध्ये त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढला, फिट्स कमी झाल्या पण नवीन आठवण साठवणं जवळपास बंदच झालं, आत्ता भेटलेला माणूस पाच मिनिटांनी परत अनोळखी. पुढची पन्नासेक वर्षं शास्त्रज्ञ त्याच्याकडून मेमरीबद्दल शिकत राहिले. 2008मध्ये तो गेला आणि वर्षभराने सॅन दिएगोत त्याचा गोठवलेला मेंदू सलग 53 तास कापला, 70 मायक्रॉनचे 2401 काप, आणि हे सगळं इंटरनेटवर लाइव्ह! प्रत्येक काप घ्यायच्या आधी वरून फोटो काढायचे, क्रम चुकला तर सगळंच मुसळ केरात. त्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर अख्खा मेंदू परत उभा केला, तेव्हा पुढच्या भागात एक छोटी जखम सापडली जी आधी कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

बरं, कापताना काहीतरी वाया जातंच. कॉम्प्युटर चिपसाठी लागणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या बारीक तारेने कापतात ना, तिथे प्रत्येक कापाला तारेच्या जाडीएवढा महागडा माल भुगा होऊन जातो.

सीटी स्कॅनमध्ये मात्र पातंच नाही. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या मशीनवर 1971च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला, वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे घ्यायचे आणि आतला काप गणिताने काढायचा. आता तर आडवे, उभे, तिरके, हवे तसे कट्स आतमध्ये डॉक्टर माउसने बघत असतात आणि पेशंट बाहेर कँटीनमध्ये चहा पीत बसलेला असतो.