रागीट माणसाचा रंग

अध्यक्षांनी सुरुवातीलाच घड्याळ दाखवलंय. सव्वासातला या हॉलमध्ये बारशाची मंडळी येणार. आणि मला विषय दिलाय 'रागीट' या शब्दाचा अर्थ आणि उगम! अर्थ काय सांगायचा? विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरायचा प्रयत्न करा, कळेल.

तापट, कोपिष्ट, जमदग्नी, आग्यावेताळ... या बाबतीत आपण श्रीमंत. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुर्वासाला 'सुलभकोप' म्हटलंय. 'सुलभ' म्हटल्यावर तुम्हाला स्टेशनाबाहेरची पाटी आठवली, त्यात कालिदासाचा दोष नाही.

'संतापी'ची मात्र गोष्टच सांगतो. आमची वरळीची चाळ. शेजारी तेलुगू पद्मशाली कुटुंब, घरातली माणसं गिरणीत. आमचे थोरले काका, आप्पा, महासंतापी. पाण्याच्या वेळी त्यांच्या बादलीपुढे कुणी हंडा सरकवला की हंडा जिन्यावरून खाली. एकदा तो शेजाऱ्यांचा निघाला. त्याला पोचा आला तो शेवटपर्यंत राहिला, आणि शेजारीणबाई तो हंडा मुद्दाम पोचा आमच्या दाराकडे करून ठेवायच्या.

आप्पा गेले. गॅलरीत सतरंजी टाकून शोकसभा झाली. शेजारचे काका उठले, हात जोडले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "आप्पा गेले, आम्हाला फार संताप झाला." आत्याचा हुंदका अर्ध्यावर थांबला. काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत, पण खांदे वेगळेच हलत होते.

पुढे कळलं, माणूस बरोबरच बोलला होता. तेलुगूत, कन्नडमध्ये संताप म्हणजे शोक. तिकडे कुणी मोठा माणूस गेला की मुख्यमंत्री संताप व्यक्त करतात, आणि पेपर तो छापतात. संस्कृतात संताप म्हणजे उष्णता, मग मनाची तगमग. ती तगमग शेजाऱ्याच्या हंड्यावर काढायची सुधारणा आपली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

'राग'चं मूळ 'रञ्ज्', म्हणजे रंगणं. रंग, रंजन, गाण्यातला राग, सगळे तिथलेच. 'रक्त' म्हणजे मुळात रंगलेलं. संस्कृतात राग म्हणजे रंग, लाली, आणि ओढ, प्रेमसुद्धा. म्हणून 'रागद्वेष' या जोडीत राग म्हणजे चीड नव्हे, आसक्ती. आपण दोन्हीकडे भांडणच वाचतो! ती ओढ गेली की 'विरक्त', 'वैरागी'. म्हणजे रागीट आणि वैरागी एकाच घरातले.

हिंदीवाल्याला 'मला राग आला' म्हणा, तो पेटी काढेल. पण मधला सगळा मुलूख ओलांडून कोलकात्याला जा, तिथे 'राग कोरो ना' म्हणजे रागावू नकोस. लाली चेहऱ्यावर चढली, डोळ्यांत उतरली आणि तिचंच नाव चिडण्याला पडलं, असं माझं म्हणणं. आणि शेवटचा 'ट'? खारट, तापट, तसाच रागीट. रागावलेला माणूस तासाभरात निवळतो. रागीट म्हणजे पक्का रंग, धुतला तरी न जाणारा. आमचे आप्पा.

पाळणा आलाच का? या, या, आत या. अहो, बाळ रडून लालबुंद झालंय! मंडळी, वळून बघा, मी म्हणत होतो ती लाली हीच.