पाहुण्यांनी लावलेली बाग

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय परग्रहावरच्या एका कादंबरीबद्दल, पण सुरुवात आपल्या ठाण्यापासूनच करते. 1321 साली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार साधू इथल्या बंदरात उतरले. त्यांना जायचं होतं आणखी पुढे. एका ख्रिस्ती कुटुंबानं त्यांना घरात आसरा दिला. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं हात उचलला, बाई काझीकडे दाद मागायला गेली. साक्षीला कोण? तर हे पाहुणे! साक्ष राहिली बाजूला, बोलणं धर्मावर घसरलं आणि चौघंही जिवानिशी गेले. पुढे ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा एक प्रवासी ठाण्याला आला, त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला, आणि ही सगळी हकीकत सांगून गेला.

परक्या मुलखात देवाचं नाव घेऊन गेलेली माणसं कशात अडकतील याचा नेम नसतो. मेरी डोरिया रसेल यांच्या दोन कादंबऱ्यांचा विषय हाच. या बाई मुळात मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. ‘द स्पॅरो’ 1996 मध्ये आली आणि तिचा पुढचा भाग ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ 1998 मध्ये. मला बोलायचंय ते या दुसऱ्या भागाबद्दल. लोक पहिलाच डोक्यावर घेतात, म्हणून मुद्दाम.

पहिल्यातलं कथानक थोडक्यात सांगते. 2019 साली आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीला अल्फा सेंटॉरी या ताऱ्याच्या दिशेनं गाणी ऐकू येतात. (खरी दुर्बीण 2020 च्या डिसेंबरात कोसळली, म्हणजे लेखिकेनं वेळ अगदी काठावर साधली म्हणायची.) बाकीचं जग चर्चा करत बसतं आणि जेझुइट या ख्रिस्ती संघाचे धर्मगुरू गुपचूप यान पाठवतात. त्यात असतो फादर एमिलिओ सँडोज, भाषा शिकण्यात तरबेज. मराठी वाचकाला हा माणूस परका वाटू नये. 1616 साली मराठी ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण छापणारा फादर स्टीफन्स याच संघाचा. सँडोज राखात नावाच्या त्या ग्रहावर पोचतो आणि परत येतो तेव्हा त्याचे सोबती गेलेले असतात, हातांची चाळण झालेली असते आणि ज्या गाण्यांच्या ओढीनं तो गेला, ती रचणाऱ्या कवीनंच त्याची विटंबना केलेली असते. तो देवाला जाब विचारतो. आता आपल्याकडे जनाबाईनं विठोबाला काय कमी शिव्या घातल्या आहेत? देवाशी भांडणाऱ्या माणसाची श्रद्धा गेली असं आपण मानत नाही. म्हणून पहिल्या भागातल्या सँडोजची मला काळजी वाटली नव्हती.

दुसऱ्या भागात मात्र त्यानं भांडणंच सोडलंय. धर्मगुरूपण सोडलंय, एका बाईशी लग्न ठरलंय, तिच्या मुलीचा त्याला लळा लागलाय. आणि याच माणसाला त्याचा संघ पळवून नेऊन पुन्हा राखातच्या यानात घालतो. हे करणारे लोक प्रार्थना करणारे आहेत, बरं का. देवाचीच तशी इच्छा असल्याची त्यांची खात्री आहे.

पण माझं मन अडकलं ते बागेत. राखातवर दोन जाती आहेत. रूना शाकाहारी आणि कष्टकरी, जानाआता मांसाहारी आणि सत्ताधारी. आणि ते मांस असतं रूनांचं. रूनांना पोटासाठी कंदमुळं शोधत लांबलांब भटकावं लागतं, त्यामुळे अंगावर चरबी साठत नाही आणि पोरं बेतानंच होतात. किती व्हायची तेही मालकच ठरवतात. पहिल्या यानातली माणसं येतात, आणि आपल्या भाजीपाल्यासाठी एक छोटी बाग लावतात. रूना ते बघून शिकतात. भटकणं थांबतं, पोटं भरतात, परवानगीशिवाय पोरं जन्मतात. मग शिपाई येतात आणि ती तान्ही पोरं मारतात. इथे सँडोजच्या सोबत्यांपैकी सोफिया मेंडेस ओरडून रूनांना सांगते, तुम्ही पुष्कळ आहात आणि ते थोडे आहेत.

सँडोज तिला मेलेली समजत असतो. प्रत्यक्षात ती त्या एका हाकेतून पेटलेल्या बंडाची पुढारी होऊन जगते. प्रकाशाच्या वेगाजवळचा प्रवास असल्यामुळे सँडोजची थोडीच वर्षं सरतात, तिचं अख्खं आयुष्य जातं. तो पोचतो तेव्हा जानाआता डोंगरात लपलेले, नामशेष व्हायच्या बेतात. आणि सोफिया कोण? स्पेनमधून 1492 साली हाकलल्या गेलेल्या ज्यू लोकांच्या वंशातली. पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसलेल्यांची लेक एका जातीच्या निर्वंशापर्यंत येऊन ठेपते, आणि तरी वाचताना तिचं चुकलं कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पोरं मारली जात असताना गप्प बसायला हवं होतं का? तिनं हा’अनाला नावाची जानाआता मुलगी स्वतः वाढवलेली असते. मोठी होऊन तीच सोफियाला सोडून उत्तरेला निघून जाते. त्या दोघींचे प्रसंग मी सावकाश वाचले. सँडोजच्या देवापेक्षा मला त्यांच्यातलं मायलेकीचं नातं जास्त खरं वाटलं.

शेवट मला पटलेला नाही. सोफियाच्या स्वमग्न मुलाला, आयझॅकला, माणूस, रूना आणि जानाआता यांच्या डीएनएमधून एकच संगीत सापडतं. कल्पना सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण एवढं रक्त सांडल्यावर देवाची बाजू सावरायला सुरावट पुढे करणं म्हणजे लेखिकेनं त्याला फार स्वस्तात सोडलं. सँडोजला ते ऐकून भरून येतं. सोफियाला काय वाटलं असतं, ते मला वाचायचं होतं.