निकाल लागला, पाती फिरतायत

हा नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा फोसेन भाग. समोरचा उघडा डोंगरमाथा म्हणजे स्टोरहेया. हिवाळ्यात इथे वारा सुटला की माथ्यावरचा बर्फ उडून जातो आणि खालचं लायकेन उघडं पडतं. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं हे खाद्य. त्यावरच रेनडिअर थंडी काढतात. सामी, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांपैकी पशुपालक, म्हणूनच कळप इकडे आणत आलेत. जवळून पाहा: कानाच्या कडेला सुरीने पाडलेल्या खाचा. जनावर कुणाचं, ते या खाचांवरून ओळखतात.

वीज कंपनीलाही हाच वारा हवा होता. स्टोरहेयातला मोठा भागीदार स्टाटक्राफ्ट, म्हणजे खुद्द सरकारची कंपनी. परवाना देणारंही सरकार, कमावणारंही सरकार. स्टोरहेया आणि फोसेनमधलंच रोआन मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. काम थांबवा, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१८ मध्ये सांगून पाहिलं. ते थांबलं नाही.

वीज स्वच्छ आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पात्यांच्या आसपास रेनडिअर फिरकत नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टाने तोडगा काढला: हिवाळ्यात कळप कुंपणात ठेवा, चारा विकत घाला, पैसे कंपनी देईल. सुप्रीम कोर्टाला तो पटला नाही. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी अकराही न्यायाधीशांनी एकमताने परवाने अवैध ठरवले. आधार होता अल्पसंख्याकांना आपली संस्कृती जगू देणारं, नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं २७वं कलम.

पवनचक्क्या काढा, असं मात्र निकालात लिहिलेलं नव्हतं. सरकारने तेवढ्यावरच वेळ काढला.

निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुण ऑस्लोत ऊर्जा मंत्रालयात ठिय्या देऊन बसले. अंगातला गाक्ती, म्हणजे सामींचा पारंपरिक पोशाख, मुद्दाम उलटा घातलेला, शिवण बाहेर: हा त्यांचा निषेध. पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. ग्रेटा थुनबर्ग आली, कॅमेरे आले. मार्चमध्ये पंतप्रधान स्टोरे यांनी माफी मागितली. चक्क्या चालूच.

डिसेंबर २०२३ मध्ये फोसेनच्या दक्षिणेकडच्या पशुपालक गटाशी तडजोड झाली, मार्च २०२४ मध्ये उत्तरेकडच्या. दक्षिणेच्या गटाला दुसरीकडे हिवाळी कुरण आणि दरवर्षी भरपाई मिळेल. मुदत संपल्यावर पवनचक्क्यांना मुदतवाढ नाकारायचा अधिकारही त्यांच्या हाती आला. ती मुदत २०४५ पर्यंत आहे.